कृष्णाकाठाहून कुंडलिकेकाठी

नदीला पूर यावा तो पावसाळ्यात, ही कृष्णाकाठच्या माणसाची पिढीजात समजूत आहे. आषाढ-श्रावणात आयर्विन पुलाजवळची पातळी फुटाफुटाने विचारत राहायचे आणि दिवाळी सरली की नदीला विसरून हळद, गूळ, बेदाण्याच्या हिशेबाला लागायचे, असा इथला वर्षाचा क्रम. कुपवाड तर नदीपासून काहीसे आतच वसलेले. औद्योगिक वसाहतीतील यंत्रांची घरघर आणि मालमोटारींची ये-जा यांत गुंतलेल्या या गावाला कृष्णा भेटते ती मुख्यतः नळातून. अशा गावातील तरुण मंडळी ऐन मार्गशीर्ष-पौषात ‘भरल्या नदीवर जातो’ म्हणून निघतात, तेव्हा घरातील वडीलधाऱ्यांना नवल वाटणे साहजिक आहे. थंडीत नदी भरलेली कशी असेल?

याचे उत्तर कोकणात, रायगड जिल्ह्यातील कोलाड येथे मिळते. तेथील कुंडलिका नदी हिवाळ्यातही सकाळी काही तास दुथडी वाहते, आणि त्या पाण्यावर रबरी राफ्ट व कयाक घेऊन हौशी माणसे उतरतात. मात्र कुपवाडहून कोलाडला जाण्याचा रस्ताच इतका बोलका आहे, की नदीवर पोहोचण्यापूर्वी तो नीट पाहावा.

पहाटे निघालेली गाडी इस्लामपूर, पेठ नाका करीत कऱ्हाडला येते. येथे कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन मिळतात. हाच प्रीतिसंगम, आणि येथेच यशवंतराव चव्हाणांची समाधी. दोघींचा उगम महाबळेश्वरचा. माहेरी एकत्र वाढलेल्या बहिणी वेगवेगळ्या वाटांनी येऊन कऱ्हाडला पुन्हा भेटतात. पुढे रस्ता पाटणमार्गे कोयनेच्या काठाने हेळवाकपर्यंत जातो. जवळच कोयना धरण. सुमारे 105 टीएमसी साठवणक्षमतेच्या या जलाशयातील बरेचसे पाणी पूर्वेला कऱ्हाडकडे न येता बोगद्यांतून पश्चिमेला सोडले जाते. कुंभार्ली घाट उतरताच पोफळी लागते. सह्याद्रीच्या पोटातील वीजगृहांत चक्रे फिरवून ते पाणी वाशिष्ठी नदीत पडते आणि चिपळूणवरून अरबी समुद्राला मिळते. बंगालच्या उपसागराकडे निघालेला थेंब वीज देऊन विरुद्ध दिशेच्या समुद्रात जातो.

जैन घरांत पाणी गाळून घेण्याची रीत आहे आणि गाळण्यावर उरलेली जिवाणी ज्या पाणवठ्याची असेल त्याच पाणवठ्यावर परत सोडण्याची शिस्त आहे. एका विहिरीचा जीव दुसऱ्या विहिरीत टाकू नये, इतकी ती सूक्ष्म आहे. ज्या पिढीने आईला हे करताना पाहिले आहे, तिला कुंभार्ली घाटात क्षणभर थांबावेसे वाटते. या उद्योगाने महाराष्ट्रातील कारखाने चालले, कुपवाडच्या वसाहतीतील यंत्रेही चालली. त्याचा उपकार नाकारता येत नाही. पण कोयनेच्या खोऱ्यातील अनेक गावे त्यासाठी उठली, हेही जमाखर्चात मांडले पाहिजे.

चिपळूण, खेड, महाड, माणगाव असा महामार्गाने दिवसभराचा प्रवास करून गाडी कोलाडला पोहोचते आणि तेथे हीच कथा पुन्हा भेटते. फक्त ती अधिक जुनी आहे. कुंडलिकेत हिवाळ्यात जे पाणी खळाळते ते मूळचे पुणे जिल्ह्यातील मुळा नदीचे. टाटांनी मुळशी येथे धरण बांधले, तेथून घाटमाथ्यावरून सुमारे 500 मीटर खाली भिरा येथे पाणी उतरवले आणि 1927 च्या सुमारास तेथे वीजनिर्मिती सुरू झाली. या धरणाविरुद्ध मुळशी पेट्यातील शेतकऱ्यांनी 1921 मध्ये सत्याग्रह पुकारला होता. पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापती’ ही पदवी मिळाली ती याच लढ्यात. लढा हरला, गावे बुडाली. ती मुळा पुण्यात मुठेला, मग भीमेला आणि शेवटी रायचूरजवळ कृष्णेलाच मिळते. म्हणजे कोलाडच्या नदीत वल्हे मारणारा सांगलीकर एका अर्थी कृष्णेच्याच खोऱ्यातील पाण्यावर तरंगत असतो.

वीज तयार करून झाल्यावर सुटणारे हे पाणी साधारणतः सकाळी नदीत येते. त्याआधी पात्र अगदी वेगळे दिसते: उघडे काळे खडक, मधूनमधून डबकी, काठाला धुके. मग वरून हळूहळू आवाज वाढतो. खडकांच्या कडा बुडू लागतात, डबकी एकमेकांना मिळतात आणि पाऊण-एक तासात जेथे माणूस चालत गेला असता तेथे पांढरा फेस उसळू लागतो. काही तासांनी पाणी पुन्हा ओसरते. म्हणून येथे सर्वांनी वेळ पाळायची असते. उशिरा उठणाऱ्यासाठी नदी थांबत नाही. पाणी सोडण्याच्या वेळा विजेच्या गरजेप्रमाणे बदलतात, तेव्हा आधी चौकशी करूनच निघावे.

राफ्टमध्ये आठ-दहा जण आणि मागे एक वाटाड्या असतो. सर्वांनी त्याच्या शब्दासरशी एकदम वल्हे मारायचे. कयाक ही मात्र एकट्याची होडी, निमुळती, वरून झाकलेली, कमरेभोवती घट्ट बसणारी. उत्तर ध्रुवाकडील इन्युइट लोकांनी ती शिकारीसाठी सीलच्या कातड्याची केली. आज ती प्लॅस्टिकची असते आणि कोणाचा जीव घेण्यासाठी वापरली जात नाही. ती उलटली तर आतला माणूस बाहेर न पडता वल्ह्याच्या आधाराने व कमरेच्या झटक्याने पुन्हा सरळ होतो. हे कौशल्य शांत पाण्यात महिनोन्‌महिने घटवावे लागते. म्हणून नवख्याने कोलाडला राफ्टमध्येच बसावे. सोबत चालणाऱ्या कयाकमधील निष्णात माणसे पाण्यात पडलेल्यांना उचलण्यासाठी असतात.

खळाळत्या पाण्याच्या कठीणपणाच्या सहा श्रेणी मानतात. कुंडलिकेचे बहुतेक खळाळ दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीत मोडतात. ते पाहताना छाती धडधडते. पण वाटाड्या समजावून सांगतो, की खळाळाला वाट असते. दोन खडकांमधून सरळ, गुळगुळीत जिभेसारखा जाणारा प्रवाह म्हणजे दार. मोठ्या खडकाच्या मागे पाणी उलटे फिरून स्थिरावते. ती विसाव्याची जागा. कोणी पाण्यात पडलाच तर त्याने पाठीवर तरंगावे, पाय प्रवाहाच्या दिशेला पुढे ठेवावेत आणि वाहत्या पाण्यात उभे राहण्याचा प्रयत्न करू नये, कारण खडकाच्या फटीत पाऊल अडकले की प्रवाह माणसाला खाली दाबतो. ओबडधोबड नदी आवाज करते आणि पुढचा धोका दिसूही देते.

याच्या उलट आहे बंधारा. ब्रिटनमध्ये नद्या भरतात त्या हिवाळ्यातील पावसाने, आणि तेथील कयाकचालक त्या भरत्या पाण्याची वाट पाहत बसतात. जुन्या पाणचक्क्यांसाठी बांधलेले बंधारे तेथील नद्यांवर जागोजाग आहेत, आणि नवशिक्यांना पहिली ताकीद असते ती बंधाऱ्याची. कारण साधे आहे. बंधाऱ्यावरून पाणी एकसारख्या रेषेत पडते, तळाशी जाऊन वर उसळते आणि वरच्या थराचे पाणी मागे, भिंतीकडे फिरते. त्यात सापडलेली वस्तू पुनःपुन्हा भिंतीकडे ओढली जाते. फेसाळ पाण्यात हवा मिसळलेली असल्याने माणूस नेहमीसारखा तरंगतही नाही. आणि भिंत या काठापासून त्या काठापर्यंत सरळ असल्याने खळाळात असते तशी जीभ नाही, दार नाही, विसाव्याची जागा नाही. म्हणून जाणकार माणूस बंधाऱ्यापूर्वीच काठाला लागतो आणि होडी खांद्यावर घेऊन पलीकडे जातो.

कुपवाडकरांनी कोलाडहून आणायचे ते हे ज्ञान. कृष्णेवर बहे, डिग्रज, सांगली, म्हैसाळ असे बंधारे आहेत. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यात दगडी खांबांमध्ये बरगे बसवलेले असतात. पावसाळ्यापूर्वी ते काढतात आणि पाऊस सरताना पुन्हा बसवून रब्बीसाठी पाणी अडवतात. हिवाळ्यात कोयनेतून पाणी सोडले जाते, टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजनांचे पंप चालतात, आणि तेव्हा बंधाऱ्यावरून काचेसारखा पातळ पडदा पडताना दिसतो. वरच्या बाजूला पाणी संथ, आरशासारखे. धुणी धुणारे, पोहणारे, फोटो काढणारे तेथे बिनधास्त असतात. पण वरच्या बाजूला बरग्यांच्या फटींकडे ओढ असते, आणि खालच्या बाजूला तो परतणारा प्रवाह. पट्टीच्या पोहणाऱ्यालाही तेथे ताकद उपयोगी पडत नाही.

या काठाने पाण्याची किंमत मोजलेली आहे. ऑगस्ट 2019 च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ पातळी 57 फुटांवर गेली, आणि पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे पुरातून माणसे बाहेर काढणारी क्षमतेपेक्षा जास्त भरलेली नाव उलटून अनेकांचे प्राण गेले. पुराच्या वेळी निदान सर्वजण सावध असतात. हिवाळ्यात सावधगिरी नसते, हीच त्या शांत पाण्याची खरी धार.

एक प्रश्न मात्र घरातील ज्येष्ठ विचारतात, आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. पाणी हे जलकायिक जीवांचे शरीर मानणाऱ्यांनी केवळ मौजेसाठी त्यात धुडगूस घालावा का? श्रावकाच्या व्रतांत अनर्थदंडविरती आहे, आणि निष्कारण पाणी उडवणे, सांडणे ही त्यात प्रमादचर्या मानली आहे. ज्यांच्या घरी हे व्रत कसोशीने पाळले जाते, त्यांनी काठावर बसून पाणी येताना पाहावे. तो देखावाही प्रवासाचे सार्थक करणारा आहे. जे उतरतील त्यांनी यत्नाचाराने उतरावे: लाइफ जॅकेट आणि हेल्मेटचे बंद स्वतः तपासावेत, वाटाड्याचे ऐकावे, पोहता येते या भरवशावर काही करू नये, काठावर कचरा टाकू नये. लहान मुलांना प्रवेश नसतो, त्यासाठी हट्ट धरू नये. आपल्या जिवाबाबत बेफिकीर राहणे हाही प्रमादच.

सोयीचे दोन शब्द. थंडीत दिवस लहान, म्हणून सूर्यास्तापूर्वी भोजन करणाऱ्यांनी मुक्कामाच्या ठिकाणी आधी सांगून ठेवावे. कांदा-लसूण, कंदमुळांविना स्वयंपाक सांगितल्यास करून मिळू शकतो. तरीही सोबत दशम्या, चटणी आणि खाकरे असावेत. एक दिवस हाताशी असल्यास रेवदंड्यापर्यंत जावे. तेथे कुंडलिका समुद्राला मिळते, आणि मुळशीच्या पाण्याचा प्रवास संपतो.

परतीच्या वाटेवर पुन्हा तोच घाट, तोच प्रीतिसंगम. सांगलीत शिरताना बंधाऱ्यावरून पडणारे पाणी संध्याकाळच्या उजेडात शांत दिसते. कोलाडला जाण्यापूर्वी तेथे थांबून पाण्यात पाय सोडणारी मुले आता काठावरूनच त्या सरळ रेषेकडे पाहतात, आणि धाकट्याचा हात धरून त्याला दोन पावले मागे घेतात. एवढे घडले तर प्रवासाचा सारा खर्च वसूल झाला.