तीन चाकांचा संसार

इंग्लंडात टॅमवर्थला जाणारे प्रवासी बहुधा तिथला किल्ला पाहतात. मी मात्र टू गेट्स ही वस्ती पाहायला गेलो. रिलायंटच्या तीनचाकी मोटारींचा कारखाना इथे होता. १९९८ साली तो इथून हलला. आता त्या जागी घरे आहेत.

आपल्या ओळखीच्या सायकलवाल्या रॅले कंपनीने तीनचाकी गाड्या बंद करायचे ठरवले, तेव्हा तिथले टॉम विल्यम्स नोकरी सोडून बाहेर पडले. १९३५ साली त्यांची पहिली गाडी तयार झाली, तीही टॅमवर्थमधल्या घरच्या बागेत!

पण चौथे चाक का नाही? उत्तर कायद्यात आहे. सुमारे ४०० किलोंच्या आतल्या तीनचाकीला कर कमी. शिवाय सुरुवातीच्या काळात, गाडीला मागे जाण्याचा गिअर नसला तर मोटारसायकलचा परवाना पुरे. प्रेस्टनला १९४९ साली निघालेल्या बाँड मिनिकारला तो गिअर नव्हताच. पुढचे चाक मात्र असे वळे, की गाडी जागच्या जागी फिरे.

१९५६ च्या सुएझ प्रकरणात पेट्रोलचे रेशनिंग आले आणि या काटकसरी गाड्यांचे महत्त्व वाढले. १९५९ साली चार चाकांची स्वस्त मिनी आली, तरी रिलायंटच्या तीनचाकी शतकाच्या अखेरपर्यंत तगल्या.

वळणावर कलंडते म्हणून रिलायंटच्या रॉबिनला लोक हसले. हसोत बापडे! मोटारसायकलवाल्या गृहस्थाला तेवढ्याच परवान्यावर, बायकोमुलांच्या डोक्यावर छप्पर घालता येत होते. आपल्याकडे भर पावसात एका स्कूटरवर चौघे चाललेले दिसले, की त्या छपराचे मोल मला कळते.