दुर्बीण, नळी आणि आमच्या वन्सं

‘पोटात दुर्बीण घालून बघावं लागेल,’ असं डॉक्टर म्हणाले की आपल्या बायकांच्या पोटात आधी गोळाच येतो. दुर्बीण म्हटलं की डोळ्यांपुढे उभी राहते ती जहाजावरच्या कप्तानाच्या हातातली लांबलचक पितळी नळी. ती घशातून उतरायची कशी? गंमत म्हणजे पहिली दुर्बीण खरोखरच तशी होती. १८६८ साली जर्मनीत कुसमाउल नावाच्या डॉक्टरांनी पोट आतून पाहण्यासाठी ताठ, सरळ नळी केली आणि ती वापरून कुणावर पाहिली म्हणाल, तर तलवार गिळून दाखवणाऱ्या एका खेळवाल्यावर! साध्या माणसाचं ते कामच नव्हतं.

नळी पुरती लवचीक झाली ती पुढं जवळजवळ नव्वद वर्षांनी. केसासारख्या बारीक काचेच्या तंतूंची जुडी केली तर तिच्यातून चित्र वाकड्या वाटेनंही नेता येतं, हे लंडनमध्ये हॉपकिन्स आणि आपल्या पंजाबातल्या मोगा गावी जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनी १९५४ साली दाखवलं. ते वाचून अमेरिकेतल्या हिर्शोविट्झ नावाच्या डॉक्टरांनी लवचीक दुर्बीण तयार केली आणि १९५७ साली ती आधी स्वतः गिळली, मगच रुग्णाच्या घशात घातली. मला ही गोष्ट फार आवडते. पंगतीत वाढण्याआधी आमटी आपण चाखून बघतो ना, तसंच की हे! आता ते काचेचे तंतूही गेले. नळीच्या टोकाला चिमुकला कॅमेरा असतो आणि चित्र पडद्यावर दिसतं. नळी जाडीला करंगळीएवढी.

हे सारं मला समजलं ते आमच्या वन्संच्या आजारपणात.

२०१८ च्या भाऊबीजेला वन्सं आमच्याकडे आल्या त्या अंग खाजवतच. वय बासष्ट, बांधा मुळात सडपातळ, त्यात आणखी वाळलेल्या. डोळे हळदीसारखे पिवळे आणि गळ्यात कावीळीची माळ. गावातल्या एका माळवाल्यानं तीन आठवड्यांपूर्वी घातलेली. माळ लांबत लांबत पोटापर्यंत आली होती, म्हणजे कावीळ उतरली, असा त्यांच्या घरी हिशेब. आता त्या माळेतल्या ओल्या काड्या वाळल्या, आकसल्या, की दोरा सैल होऊन लांबणारच. आणि साथीची कावीळ बहुधा आपोआप बरी होते, त्यामुळे माळेला यश मिळतं. पण वन्संची कावीळ त्या जातीची नव्हती. ताप नाही, पोटात दुखणं नाही, लघवी मोहरीच्या तेलासारखी गडद आणि शौचाला मात्र पांढुरकी, चिकणमातीसारखी. रात्रभर खाज. शिवाय त्याच वर्षी, अंगावर मांस नसताना, त्यांना नव्यानं साखर निघाली होती. आमच्या डॉक्टरांनी एवढं ऐकलं आणि म्हणाले, ‘यांना उद्याच सोनोग्राफीला न्या.’

सोनोग्राफीत पित्ताची नळी फुगलेली दिसली. मग पुण्याला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी रिपोर्टच्या पाठीवर चित्र काढून दाखवलं, ते मी अजून जपून ठेवलंय. जठराच्या मागं वीतभर लांबीचं एक इंद्रिय असतं, स्वादुपिंड. इन्सुलिन तिथंच तयार होतं. त्याचं डोकं लहान आतड्याच्या पहिल्या वळणात बसलेलं असतं आणि यकृताकडून येणारी पित्ताची नळी नेमकी त्या डोक्यातून आतड्यात उतरते. डोक्यात गाठ झाली की नळी दाबली जाते. आपली मोरी तुंबली की पाणी उलटं घरात येतं, तसं पित्त उलटं रक्तात जातं. म्हणून डोळे पिवळे, म्हणून खाज, आणि आतड्यात पित्त पोचतच नाही म्हणून शौचाचा रंग पांढुरका. हीच गाठ स्वादुपिंडाच्या शेपटाकडे असली तर कावीळही होत नाही. पाठ दुखते, वजन घटतं, आणि कळेपर्यंत फार उशीर होतो.

सीटी स्कॅनमध्ये गाठ दिसली, पण ती कसली ते नक्की सांगता येईना. स्वादुपिंड असं आत दडलेलं, की बाहेरून हात लागत नाही. मग दुर्बिणीच्या टोकाला सोनोग्राफीचं यंत्र बसवलेलं असतं, ते तोंडावाटे आत घातलं. जठर स्वादुपिंडाला अगदी चिकटून असतं, त्यामुळे भिंतीला कान लावून शेजारचं बोलणं ऐकावं इतकं ते जवळून दिसतं. सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरची गाठसुद्धा सापडते. त्याच नळीतून बारीक सुई पुढं सरकवून गाठीचा कण काढला. पोटावर चीर नाही, टाका नाही. वन्संना गुंगीचं औषध दिलं होतं. त्या उठल्या आणि म्हणाल्या, ‘कधी घालणार नळी?’

कण तपासायला गेला, पण खाज कुठं थांबते? म्हणून त्याच मुक्कामात ईआरसीपी केली. त्याची दुर्बीण वेगळी. तिचा डोळा टोकाला नसून बाजूला असतो, कारण पित्ताच्या नळीचं तोंड आतड्याच्या बाजूच्या भिंतीवर असतं. बसच्या पुढच्या काचेतून नाही, तर खिडकीतून बघायचं. त्या तोंडातून बारीक तार वर घालतात, औषध सोडून एक्स-रे बघतात आणि अडलेल्या जागी स्टेंट, म्हणजे आधाराची लहानशी नळी बसवतात. प्लॅस्टिकची असते ती तीन-साडेतीन मिलिमीटर रुंद आणि साधारण तीन महिन्यांत तुंबते. धातूची जाळीदार असते ती मिटलेल्या छत्रीसारखी आत जाते आणि उघडली की सेंटिमीटरभर रुंद होते. ती जास्त टिकते. वन्संच्या कणाचा रिपोर्ट यायचा होता, म्हणून आधी प्लॅस्टिकची घातली. चौथ्या रात्री त्या न खाजवता झोपल्या. महिनाभरात डोळे पांढरे झाले.

इथं एक स्पष्ट लिहायला हवं. कावीळ गेली म्हणजे रोग गेला असं नाही. नळीनं वाट मोकळी होते, गाठ तिथंच राहते. आमच्या भाच्यालासुद्धा हे पचायला वेळ लागला. ‘आई तर बरी दिसतेय,’ असं तो सारखं म्हणायचा. आणि या तपासणीला धोका नाही असंही नाही. ईआरसीपीनंतर शंभरात पाच-सात जणांच्या स्वादुपिंडाला सूज येते. क्वचित ती जिवावर बेतते. म्हणून नुसतं बघायला ती करत नाहीत, काही उपाय करायचा असेल तरच करतात. ऑपरेशन लगेच होणार असेल तर पुष्कळदा आधी स्टेंटही घालत नाहीत.

रिपोर्ट कॅन्सरचाच आला. गाठीनं जवळच्या मोठ्या रक्तवाहिनीला वेढा घातला होता, म्हणून ऑपरेशन शक्य नव्हतं. आता हे वन्संना सांगायचं की नाही, यावर घरात दोन दिवस कुजबुज. भाचा म्हणे, नाव काढायचं नाही. वन्सं स्वयंपाकघराच्या दारातच उभ्या होत्या. म्हणाल्या, ‘वहिनी, पोट माझं, नळी माझ्या पोटात, आणि बातमी तेवढी गावाला?’ दुसऱ्या दिवशी त्यांनी डॉक्टरांनाच विचारलं. डॉक्टरांनी खुर्ची ओढली, सगळं सांगितलं. त्या रडल्या, मग विचारलं, ‘केमोनं केस जातील का?’ माझ्या मते त्यांना सांगितलं हेच बरं झालं. पुढचं सगळं त्यांनी स्वतः ठरवलं.

नळी बदलायची तारीख मी त्यांच्या आणि आमच्या अशा दोन्ही घरच्या कालनिर्णयवर लाल पेन्सिलीनं लिहिली, आणि खाली ‘थंडी वाजून ताप आला तर त्याच दिवशी इस्पितळ’. डॉक्टरांनी तसं बजावलं होतं, कारण तुंबलेल्या नळीत जंतू वाढले की रक्तात विष पसरायला वेळ लागत नाही. अकराव्या आठवड्यात, रात्री नऊ वाजता, वन्सं गोधडीखाली कुडकुडत होत्या. शेजारीण तापाची गोळी घेऊन आली होती. वन्संच्या सुनेनं कालनिर्णयकडे बोट दाखवलं आणि रिक्षा बोलावली. त्या रात्री सलाइन, दुसऱ्या दिवशी जुनी नळी काढून धातूची बसवली.

त्यानंतर वन्सं वर्षभर होत्या. केमो घेतली, केस विरळ झाले. त्यांनी पदर घेतला डोक्यावर आणि नातवाच्या मुंजीत भिक्षावळीला पुढं बसल्या. शेवटी पाठ फार दुखायची. तेव्हा त्याच सोनोग्राफीच्या दुर्बिणीतून, वेदना नेणाऱ्या मज्जातंतूंच्या जुडग्यापाशी अल्कोहोलचं इंजेक्शन दिलं. दुखणं पुरतं गेलं नाही, पण निम्म्यावर आलं. २०२० च्या फेब्रुवारीत त्या गेल्या, आपल्या घरी.

हे वाचून कुणी म्हणेल, मग दुर्बिणीचा उपयोग काय झाला? स्वादुपिंडाचं दुखणं कठीणच. पण अन्ननलिका, जठर, मोठं आतडं इथं वेळेत सापडलं, तर दुर्बीणच उपचार करते. मोठ्या आतड्यातले मोड पुढं कॅन्सरचे होऊ शकतात. ते तारेच्या फासानं तिथल्या तिथं काढता येतात. जठराच्या वरच्या थरातला कोवळा कॅन्सर असेल, तर त्याखाली औषधी पाणी टोचून तो थर पुरीसारखा फुगवतात आणि कडेकडेनं सोलून काढतात. हे तंत्र जपानी डॉक्टरांचं. तिथं जठराचा कॅन्सर फार, म्हणून पन्नाशीनंतर दर दोन वर्षांनी दुर्बीण घालून बघण्याची शिफारस आहे.

आपल्याकडे बायका काय करतात? शौचावाटे रक्त पडलं की ‘मूळव्याध असेल’ म्हणून वर्ष काढतात. मूळव्याध असेलही, पण चाळिशीनंतर ते डॉक्टरांनी ठरवावं. आमच्याकडे भांड्याला येणाऱ्या मावशी मिश्री लावायच्या. भाकरी घशात अडकते म्हणून नुसत्या पेजेवर राहिल्या होत्या. त्यांना मी दुर्बिणीला नेलं. अन्ननलिकेत जखम होती, ती ॲसिडिटीची निघाली. मिश्री मात्र डॉक्टरांनी तिथंच सोडवली.

जाताना काय करायचं, तेही सांगते. तोंडातून दुर्बीण असेल तर सहा तास काही खायचं नाही. पाण्याचं डॉक्टरांना विचारावं. कवळी काढून ठेवावी. बोटाला चिमटा लावतात म्हणून नखांना रंग नको. ईआरसीपीला एक्स-रे असतो, तेव्हा मंगळसूत्र सोबतच्या बाईकडे द्यावं. मधुमेहाच्या आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगावं. आणि सोबत जाणारीनं कागद-पेन्सिल न्यावी, कारण गुंगीतून उठलेल्या माणसाला डॉक्टरांनी सांगितलेलं घरी येईपर्यंत काही आठवत नाही.