मातीची भिंत

दिवाळी जवळ आली की आमच्या धामणगाव बढ्यात पूर्वी ओल्या मातीचा वास सुटे. घरे धाब्याची. भिंती मातीच्या आणि वरचे सपाट छप्परही मातीचेच. आई पांढरी माती भिजत घाली आणि घरभर पोतेरे फिरवी. "दरवर्षी कशाला?" असे विचारले की म्हणे, "भितीले हात लागला पाह्यजे रे, नाही तं रुसते थे!"

पुढे मला नोकरी लागली. चार पैसे गाठीला जमताच मी ते घर पाडून सिमेंटचे बांधले. आईला आराम द्यावा, एवढाच हेतू. तिने कौतुक केले; पण त्या दिवाळीत ती मागच्या गोठ्याची उरलेली भिंत पोतारीत बसली. मला रागच आला. नव्या घराचा हा अपमान वाटला.

तो राग उतरला हिमालयात, स्पितीच्या खोऱ्यात. तिथल्या ताबोच्या मठाला 'हिमालयातील अजिंठा' म्हणतात. अजिंठा म्हणजे आमचा शेजार. शाळेच्या सहली तिथेच जायच्या. तेव्हा हा दुसरा अजिंठा पाहावा म्हणून, थोड्या घमेंडीनेच, सिमल्याहून किन्नौरमार्गे मी तिथे पोहोचलो. दहा हजार फुटांहून उंच जागा, तिबेटची हद्द जवळ, भोवती उघडेबोडके करडे डोंगर. मठ समोर आला आणि मी थबकलो. जाड मातीच्या भिंती, सपाट मातीचे छप्पर! आम्ही पाडलेले घरच कुणी मोठे करून इथे आणून ठेवले होते.

इ. स. 996 मध्ये पश्चिम तिबेटातील गुगेचा राजा येशे-ओ याने हा मठ स्थापला. त्याच्याच काळी रिंचेन झांगपो या पंडिताने काश्मीरहून कलावंत आणल्याची परंपरा सांगतात. आत काळोख. विजेरीच्या उजेडात भिंतींना धरून बसविलेल्या तीसहून अधिक मूर्ती उजळल्या, त्याही मातीच्याच. मध्ये चहूदिशांना पाहणारा वैरोचन. खाली बुद्धचरित्र आणि गुरूंच्या शोधात निघालेल्या सुधनाची यात्रा रंगविलेली. अर्धोन्मीलित डोळे, नाजूक बोटे पाहून अजिंठ्याचा पद्मपाणी आठवला. अजिंठ्याची चित्रेही मातीच्या गिलाव्यावरच काढलेली. त्या मातीत भाताचा तूस नि गवताचे धागे मिसळलेले.

पण एक फरक मनात सलत राहिला. अजिंठा रानात विसरला गेला. 1819 मध्ये शिकारीला आलेल्या जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने तो पुन्हा जगापुढे आणला. ताबोला मात्र माणसे सोडून गेली नाहीत. 1975 च्या भूकंपात मठाला हानी पोहोचली. भिक्षूंनी 1983 मध्ये प्रार्थनेसाठी शेजारी नवे सभागृह उभारले आणि जुनेही जपले. एका वृद्ध लामांना मी विचारले, "माती इतकी वर्षे टिकते कशी?" ते हसून हिंदीत म्हणाले, "माती नाही टिकत. आम्ही टिकवतो."

आत फोटो काढायला मनाई. त्यामुळे आईला दाखवायला काही नव्हते. घरी येऊन नुसतेच वर्णन केले. राजा, पंडित, हजार वर्षे, सारे तिने शांतपणे ऐकले आणि विचारले, "मंग तिथं पोतेरं कोन देते?"

आता तिचे हात थरथरतात. यंदा गोठ्याच्या भिंतीची माती मी भिजवली. पोतेरेही मीच फिरवले. ओबडधोबड, जागोजागी ठिगळे पडलेले. आई खाटेवरून चुका दाखवीत होती. भिंत काही सुंदर दिसत नव्हती. पण रुसलेलीही वाटत नव्हती.