यार्डातली घड्याळं

१२ जानेवारी २०२४, द्रोणागिरी
आज उरण-खारकोपर रेल्वेचं उद्घाटन. गावभर तीच चर्चा. आमच्या कंटेनर यार्डात मात्र वेगळीच हुज्जत. एका ट्रेलरची गेट-आऊटची वेळ वजनकाट्याच्या वेळेआधीची! म्हणजे गाडी आधी बाहेर पडली आणि मग तिचं वजन झालं. ड्रायव्हर ऐकेना, आणि त्याचं बरोबरच होतं. गेटवरच्या यंत्राने मधेच वेळ मागे नेली होती.

१५ जानेवारी
त्या यंत्राच्या पुरवठादाराच्या माणसाने माहितीपत्रक पुढे केलं: 'एनटीपी सुसंगत', म्हणजे नेटवर्कवरून घड्याळं जुळवण्याच्या प्रोटोकॉलला धरून. हे ठरवलं कोणी? इंटरनेटची मानकसंस्था आयईटीएफ मानक लिहिते, ते पाळल्याचा दाखला कुणालाच देत नाही. शेवटी पोर्ट १२३ वरची पॅकेट पकडून बसलो. यंत्र एकाच सर्व्हरला वेळ विचारतं आणि येईल ती डोळे मिटून लावतं. हे झालं एसएनटीपी, एनटीपीचं साधं रूप. त्यात गैर काही नाही; जून २०१० च्या आरएफसी ५९०५ या मानकात त्याला जागा आहे, पण साखळीच्या शेवटच्या टोकाला. त्याने पुढे कुणाला वेळ द्यायची नसते. आमचं हे यंत्र गेटवरच्या कॅमेऱ्यांना वेळ वाटत होतं.

१६ जानेवारी
पूर्ण एनटीपी अनेकांना विचारतं, न जुळणाऱ्याला बाजूला काढतं. फरक १२८ मिलिसेकंदांच्या आत असेल तर घड्याळ हळूहळू सरकवतं, सेकंदाला फार तर अर्धा मिलिसेकंद. मोठा फरक टिकून राहिला तरच उडी. आणि १००० सेकंदांपलीकडे गेला तर प्रोग्राम सरळ बंद पडतो: आता माणसाने बघावं. हा हेकटपणा मला फार आवडतो. चुकीची वेळ बिनबोभाट लावण्यापेक्षा बंद पडलेलं बरं.

१९ जानेवारी
डेव्हिड मिल्स १७ तारखेला गेले, वय ८५. एनटीपीचा पहिला आरएफसी, ९५८, त्यांनी १९८५ मध्ये लिहिला. जन्मापासून काचबिंदू, पुढे दृष्टी गेली तरी काम सुटलं नाही. पुरवठादाराच्या माणसाला नाव सांगितलं. 'कुठल्या कंपनीत होते?'

२४ जानेवारी
सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार वेळ दिल्लीतल्या एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या सर्व्हरशी जुळवायची. सर्व्हर रूममधल्या यंत्रांवर क्रोनी हा एनटीपीचा प्रोग्राम बसवला. ती दिल्लीला विचारतील, गेट, काटा आणि कॅमेरे त्यांना विचारतील. मुंबईने १९५५ पर्यंत भारतीय प्रमाणवेळेहून ३९ मिनिटं मागे असलेली स्वतःची वेळ जपली होती. आता तसे लाड नाहीत.

२५ जानेवारी
नव्या खरेदीच्या अटींतून 'एनटीपी सुसंगत' हे शब्द काढले. त्याऐवजी चाचणी: यंत्राची तारीख ७ फेब्रुवारी २०३६ करून दाखवा. १९०० पासून मोजलेल्या सेकंदांचा ३२ बिटांचा आकडा त्या दिवशी पुन्हा शून्यावर येतो. पुरवठादाराचा माणूस हसला, 'तोवर हे यंत्र कोण वापरतंय, साहेब?' त्याला काट्याच्या केबिनमध्ये नेऊन तिथला संगणक दाखवला. विंडोज एक्सपी.