बैल सोडले, बंडी तिथंच

आमचं मोहगाव तेव्हा छिंदवाडा जिल्ह्यात होतं. पांढुर्णा जिल्हा झाला तो २०२३ साली. कापसाची बंडी घेऊन आजोबा सौंसरच्या जिनिंगला जात. काट्यासमोर रांग असे. कुणाची बंडी चढावर अडली की तो आमची जोडी मागायला येई. आजोबा म्हणत, "बैल ने, बंडीले हात नोको लावू." जोडी जाई, भरलेली बंडी जागा अडवून उभीच.

पुढे पुण्यात एका संस्थेचं क्लस्टर सांभाळू लागलो, तेव्हा नेमकं हेच विसरलो. शेड्युलर ग्रिड इंजिन. रांगा दोन: आठवडाभर चालणाऱ्या जॉबची लांब रांग आणि तातडीची. तातडीचा जॉब नोडवर आला की लांबचा सस्पेंड. सस्पेंड म्हणजे फक्त थांबण्याचा सिग्नल. प्रोसेसर सुटतो, मेमरी सुटत नाही. मी हिशोब मांडला होता तो प्रोसेसरचा.

६४ जीबीचा नोड. त्यावर ४० जीबी धरून बसलेला जॉब थांबला आणि ३५ चा तातडीचा आला. कर्नल थांबलेल्याची पानं स्वॅपमध्ये, म्हणजे डिस्कवर ढकलू लागला. तातडीचं काम गोगलगायीच्या चालीनं सरकू लागलं. स्वॅप जेमतेम ८ जीबी, तोही भरला. अशा वेळी कर्नल बहुधा सर्वांत जास्त मेमरीवाल्याचा बळी घेतो. गेला तो थांबलेला जॉबच, सहा दिवसांच्या गणितासकट. ज्या विद्यार्थिनीचा तो होता तिनं विचारलं, "सर, माझा जॉब तर झोपला होता ना?"

मग मेमरीही खात्यावर धरली. सिस्टीमसाठी ४ जीबी राखून नोडच्या नावे ६० लिहिले. जॉब जेवढी एच-व्हीमेम, म्हणजे मेमरीची कमाल मर्यादा, मागेल तेवढी वजा. नवीच गंमत झाली. लांबच्या जॉबनं ५० घेतले की तातडीच्याला जागा दिसेना. तो नोडवर येईना, म्हणून लांबचा थांबेना. अखेर लांब रांगेला नोडमागे ३६ ची वेस घातली, २४ तातडीला मोकळे. लांबचं कुणी नसेल तेव्हा तातडीवाला पूर्ण ६० घेतो, तेवढी सवलत.

कुरकुर झालीच. जावावाले सर्वांत चिडले. एच-व्हीमेम मोजते ती पत्त्यांची जागा, आणि जावा ती वापरापेक्षा कितीतरी जास्त अडवून ठेवते. त्यांचं म्हणणं खरं होतं. तरी स्वॅपच्या भरवशावर राहण्यापेक्षा मला ही कुरकुर परवडते. जॉबची स्थिती डिस्कवर उतरवून नोड पुरता रिकामा करणं उत्तम, पण ते प्रोग्रॅमला यायला हवं. आमच्याकडच्या बहुतेकांना येत नाही.

त्या मुलीचं गणित ३६ मध्ये बसेना. दोन नोड तातडीच्या रांगेतून काढून तसल्या कामांना दिले. तिथं कुणी कुणाला थांबवत नाही. तातडीवाले अधूनमधून ते परत मागतात. अजून दिलेले नाहीत.