दोन ‘ह’ची पाटी

गिरगावात नवखा माणूस खाली पाहून चालतो. मी वर पाहून चालतो. दुकानाची जुनी पाटी दिसली, की तिची अक्षरे कुठल्या छापखान्याच्या वळणाची, हे ओळखण्याचा मला नाद आहे. आमच्या सौभाग्यवती याला ‘धडपडण्याचे निमित्त’ म्हणतात, आणि दोनदा त्यांचे म्हणणे खरेही ठरले आहे.

या नादाचे मूळ जवळच, काळबादेवीच्या कोलभाट गल्लीत. जावजी दादाजींचा निर्णयसागर छापखाना तिथे होता. जावजी आधी टॉमस ग्रॅहॅम यांच्या हाताखाली अमेरिकन मिशनच्या छापखान्यात काम करीत. १८६९ साली त्यांनी स्वतःचा छापखाना काढला. राणोजी रावजी आरू यांनी त्यांच्यासाठी जी अक्षरे कोरली, त्यांनी मराठी डोळ्यांना वळण लावले. बोरूची आठवण ठेवणारी ती जाड-बारीक, भरदार अक्षरे पोथ्यांतून आणि संस्कृत ग्रंथांतून घरोघर गेली.

साहजिकच ठाकुरद्वारापलीकडे एका खानावळीवर ‘उपाहारगृह’ अशी पिवळ्यावर लाल पाटी पाहिली, तेव्हा मी बेधडक निकाल दिला: निर्णयसागरी टाइप! तीन वर्षे विद्यार्थ्यांना तिथे उभे करून हेच सांगितले. चौथ्या वर्षी गल्ल्यावरचे वृद्ध मालक चष्मा सरसावीत बाहेर आले.

“सर, रागावणार नसाल तर एक विचारू? खिळा असता, तर दोन्ही ‘ह’ सारखे नसते का आले?”

मी वर पाहिले. पहिल्या ‘ह’ला काना चिकटलेला, म्हणून त्याचे शेपूट आखडते घेतलेले. दुसऱ्याच्या डाव्या अंगाला ‘गृ’चा ऋकार खाली लोंबत होता, त्याला जागा देऊन रंगवणाऱ्याने ते शेपूट उजवीकडे ऐटीत सोडले होते. शिशाचा खिळा शेजाऱ्याला अशी जागा करून देत नाही. एकाच साच्यातून निघालेले सारे ‘ह’ जुळे भाऊ. हे मला, मराठीच्या प्राध्यापकाला, दिसू नये! विद्यार्थी शिष्टपणे वहीत पाहत होते.

“पेंटर आमच्याकडेच जेवायचे,” मालक म्हणाले. “वडिलांनी पाटीच्या पैशांतून जेवणाचे वळते केले.”

पोथीतली अक्षरे लहानपणापासून त्या पेंटरच्याही डोळ्यांत असणार. पण हात त्यांचा स्वतःचा होता. तेव्हापासून मी पाटीत आधी तेच अक्षर दुसऱ्यांदा शोधतो.

२०२३ च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने मराठी पाट्यांसाठी दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली. निर्णय माझ्या आवडीचाच. शेजारच्यांनी पाट्या बदलल्या, तेव्हा आमच्या खानावळवाल्यांनीही हौसेने बदलली. वास्तविक त्यांची पहिल्यापासून मराठीच होती! नव्या फलकावरचे दोन्ही ‘ह’ तंतोतंत सारखे. खाली ‘थालीपीठ’ लिहिलेले, त्यातला ‘ल’ हिंदी वळणाचा. मराठीत पाकळीचा ‘ल’ लिहावा, असे सरकारने २००९ सालीच ठरवून दिले आहे.

“संगणकात तसाच आला,” मालक ओशाळून म्हणाले.

“आणि जुनी पाटी?”

ती मागे भटारखान्यात पालथी होती; वर पिठाचे डबे. डबे उतरवायला मी हात लावला. दुसऱ्या रविवारी पतंगी कागद नि पेन्सिल घेऊन गेलो. पोऱ्याने पाटी पुसून दिली, आणि दोन्ही ‘ह’ उतरवून होईपर्यंत मालक कागदाचे कोपरे धरून उभे राहिले.