स्थळ पाहणे

मुलीसाठी पाहायचे तेही स्थळ आणि संमेलनासाठी पाहायचे तेही स्थळ. आपल्या भाषेने दोहोंना एकच शब्द दिला, तो उगीच नव्हे. दोन्हीकडे येणारा-जाणारा सल्ला देतो, दोन्हीकडे घर दिसायला कसे आहे ते आधी पाहतात, आणि नांदणारीला काय सोयीचे, हे विचारायचे मात्र राहून जाते.

२०२४ च्या फेब्रुवारीत अमळनेरला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. १९५२ नंतर बहात्तर वर्षांनी ते त्या गावी आले होते. त्या मांडवातून परतताना आम्हां एरंडोलच्या मास्तरमंडळींना स्फुरण चढले. तालुक्यातल्या मराठीच्या शिक्षकांचे एक दिवसाचे संमेलन पुन्हा भरवायचे ठरले. दोनचार कादंबऱ्या माझ्या नावावर असल्यामुळे ‘लेखकाला दृष्टी असते’ असे म्हणून स्थळ पाहण्याचे काम माझ्याच गळ्यात घातले गेले.

मी तत्काळ पद्मालय सुचवले. तळ्यातली कमळे, भोवतालचे रान, आणि एकाच देवळात उजव्या नि डाव्या सोंडेचे दोन गणपती. ते शेजारी शेजारी नांदतात, तर शुद्धलेखनावरून भांडणारे आमचे दोन पक्ष एक दिवस का नांदणार नाहीत? दुसऱ्या एकाने हमरस्त्यावरचे मंगल कार्यालय सुचवले. तिथे पंखे होते, स्वयंपाकघर होते, मोटारी उभ्या करायला जागा होती. ट्रकांचे भोंगेही होते. वाद रंगात आला असता चहा ओतणारा आमचा शिपाई हळूच म्हणाला, “गुरुजी, तठे कोन यी?”

मला राग आला. साध्या प्रश्नाचा येतो तसा.

रात्री निमंत्रितांची यादी घेऊन बसलो. एका नावाशी थबकलो. तालुक्याच्या टोकाच्या खेड्यातल्या एक बाई. मागच्या संमेलनाला त्या आल्या नव्हत्या, आणि ‘काही शिक्षकांना भाषेची आस्थाच उरलेली नाही’ असे वाक्य मी अहवालात लिहिले होते. लिहिताना त्याच डोळ्यांपुढे होत्या. मी फोन लावला.

“आले होते की, सर,” बाई म्हणाल्या. “निबंधही लिहून आणला होता. स्टँडवर उतरले, तर तुमची जागा गावाबाहेर. रिक्षावाल्याने सांगितलेले पैसे जवळ नव्हते. चालत गेले असते, पण परतीची शेवटची गाडी चुकली असती. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. तशीच परत फिरले.”

ती गावाबाहेरची जागाही मीच पसंत केली होती. तिच्या अंगणात गुलमोहर होता.

झोप लागेना. फैजपूर आठवले. आमच्याच जिल्ह्यातले गाव. १९३६ च्या डिसेंबरात तिथे काँग्रेसचे अधिवेशन झाले. खेड्यात भरलेले ते पहिले. अध्यक्ष पंडित नेहरू. अधिवेशन खेड्यात व्हावे, हा गांधीजींचा आग्रह. मोठे सभागृह तिथे कुठले असणार? पण बांबूंचे टिळकनगर उभे राहिले आणि नंदलाल बोसांनी ते सजवले. ज्यांच्यासाठी सभा, त्यांच्या दाराशी ती न्यावी. छप्पर मागाहून घालता येते. वर्गात मी हे मुलांना दरवर्षी सांगतो. स्वतः मात्र आधी छप्पर पाहत फिरत होतो.

शेवटी स्टँडपासून पाच मिनिटांच्या अंतरावरची एक शाळा ठरली. पत्र्याखालचा लांबट वर्ग, मुलांच्या मापाची बाके. गुडघे पोटाशी घेऊन बसावे लागले. आधी गाड्यांच्या वेळा लिहून काढल्या आणि त्यांवरून कार्यक्रम बेतला. अध्यक्षांचे भाषण अर्ध्यावर आले. त्याबद्दल कुणी तक्रार केली नाही.

बाई आल्या. घडीवर पिवळे पडलेले तेच कागद घेऊन. घरी ‘माले’ म्हणणारे पोर शाळेत ‘मला’ म्हणायला शिकते, आणि या दोहोंच्या मध्ये किती दिवस मुके राहते, हा त्यांचा विषय. साऱ्या वर्गात पंख्याची घरघर तेवढी ऐकू येत होती.

वाचन संपताच त्यांनी घड्याळ पाहिले, पिशवी उचलली. मी दारापर्यंत गेलो. अहवालातल्या त्या वाक्याची क्षमा मागायची होती. पण स्टँडवर गाडी लागल्याचे शिपायाने सांगितले, आणि बाई भराभर निघाल्या.

यंदाच्या अहवालात ती मागितली आहे.